‘स्टार ट्रेक’ची लेखन-मार्गदर्शिका : नियमांमागचा इतिहास

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळमालिकेसाठी लिहू पाहणाऱ्यांना दिली गेलेली मार्गदर्शिका आज अभ्यासक चवीने वाचतात. वाचली जाते ती बहुतेक वेळा तिसरी सुधारित आवृत्ती असते. तिच्यावर तारीख आहे १७ एप्रिल १९६७. पहिल्या हंगामाचा २९वा आणि शेवटचा भाग अमेरिकेत १३ एप्रिलला दाखवला गेला होता, म्हणजे मधे चारच दिवस गेले होते. ही तारीख लक्षात ठेवली की मार्गदर्शिकेचा सूर कळतो. कथा कशी लिहावी याचं तत्त्वज्ञान तिच्यात फारसं नाही. वर्षभर हाती आलेल्या पटकथांनी जो वैताग दिला, त्याचा हा नीट टाइप केलेला हिशोब आहे.

मुळात अशा कागदाची गरज का पडली? त्या काळच्या अमेरिकी टीव्हीवर पगारी लेखकांचा मोठा ताफा नसे. निर्माता आणि एखाददुसरा कथासंपादक, बाकी सगळं बाहेरच्या लेखकांवर. आज पोलिसांची मालिका, पुढच्या आठवड्यात काउबॉयची, मग डॉक्टरांची, असं त्यांचं चाले. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी स्वतः याच धंद्यातून आला होता. आधी युद्धातला वैमानिक, मग पॅन ॲम या विमानकंपनीचा, मग लॉस एंजेलिसच्या पोलिसखात्यात, आणि तिथून पटकथालेखक. त्यामुळे बाहेरून आलेला लेखक कुठे गडबडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोलिसठाणं दाखवायला कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. अंतराळयानाच्या कप्तानाची खुर्ची मात्र कोणीच पाहिलेली नव्हती. मग लेखक आठवणीतल्या स्वस्त अंतराळकथांचा मसाला काढत. राक्षस, किरणांच्या बंदुका, किंचाळणारी सुंदरी.

म्हणूनच मार्गदर्शिका नियमांनी सुरू होत नाही, परीक्षेने सुरू होते. एक प्रसंग दिलाय. मालिकेतल्या एंटरप्राइज यानावर हल्ला होतोय, काही उपाय चालत नाही, मरण समोर दिसतंय, आणि यानाचा कप्तान किर्क जवळ उभ्या असलेल्या देखण्या कर्मचारी मुलीला मिठीत घेतो. यात चूक काय, असं विचारून पर्याय दिलेत. संज्ञा चुकली? विज्ञान चुकलं? कल्पनाच शिळी आहे? की कप्तानाचं वागणं पटत नाही?

होतकरू लेखक हमखास विज्ञानाकडे वळणार, हे लिहिणाऱ्याने ओळखलंय. बरोबर उत्तर शेवटचं. ते पटवायला मार्गदर्शिका तोच प्रसंग व्हिएतनामजवळच्या समुद्रातल्या अमेरिकी युद्धनौकेवर नेऊन ठेवते. शत्रूची बोट अण्वस्त्र घेऊन अंगावर येतेय. अशा वेळी तिथला कप्तान नौदलातल्या एखाद्या मुलीला कवटाळेल का? वर्ष १९६७ आहे, व्हिएतनाम रोज संध्याकाळच्या बातम्यांत आहे. वाचणाऱ्याला उत्तर शोधावं लागत नाही. माझ्या मते अख्ख्या दस्तऐवजातला सर्वांत हुशार भाग हाच. उपदेश टाळून लेखकाला त्याच्याच चुकीवर रंगेहाथ पकडलंय.

उपकरणांबद्दलही तसंच. त्या वेळच्या पोलिसमालिकेतला नायक पिस्तूल झाडण्याआधी त्याची यंत्रणा समजावत बसत नाही, तसं किर्कनेही आपलं हत्यार, म्हणजे फेझर, कसं चालतं हे सांगू नये. गोष्ट माणसांची हवी. आणखी एक शेरा तर थेट चटका बसल्यासारखा आहे. ‘मला एक विचित्र संस्कृती दिसते...’ अशी सुरुवात करणाऱ्या लेखकाकडून आपल्याला कधीच कामाची कथा मिळालेली नाही, असं त्यात साफ म्हटलंय.

काही ‘नियम’ मात्र निव्वळ पैशांतून आले. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवणं मालिका बनवणाऱ्या डेसिलू स्टुडिओला परवडणारं नव्हतं, वेळही खाल्ला असता. म्हणून ट्रान्सपोर्टर आला, माणसांना यानातून क्षणात ग्रहावर पोचवणारं यंत्र. सोय अशी की दुसऱ्याच मिनिटाला पात्रं थेट अडचणीत. तारखांचंही तेच. नेमकं कोणतं शतक हे सारखं सांगावं लागू नये म्हणून ‘स्टारडेट’ काढली. लेखकाने कोणतेही चार आकडे घ्यावेत, पुढे दशांश लावावा, आणि त्या भागापुरता हिशोब जुळवावा. चाहत्यांनी पुढे या आकड्यांची संगती लावण्यात वर्षं घातली, हा भाग वेगळा.

या शिस्तीची किंमतही होती, आणि ती ६ एप्रिल १९६७ला प्रसारित झालेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागात दिसते. विज्ञानकथाकार हार्लन एलिसनच्या मूळ पटकथेत यानावरचाच एक कर्मचारी अमली पदार्थ विकत होता. शेवटी, इतिहास बदलू नये म्हणून प्रेयसीचा मृत्यू होऊ देणं भाग असतं, पण किर्कला ते जमत नाही, त्याचा सहकारी अधिकारी स्पॉकला मधे पडावं लागतं. रॉडनबेरीला हे दोन्ही खटकलं. आपल्या यानावरची माणसं अशी नसतात. पटकथा अनेक हातांतून गेली, त्यात निर्माता जीन कून आणि कथासंपादक डी. सी. फॉन्टाना हेही होते. पडद्यावर तिला वाचवायला धावणाऱ्या यानावरच्या डॉक्टर मॅकॉयला किर्कच धरून ठेवतो आणि तिला मरू देतो. गंमत पुढे आहे. प्रसारित भागाला १९६८चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला, आणि एलिसनच्या मूळ संहितेला पटकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार. एलिसनने हा राग आयुष्यभर सोडला नाही. मिठीच्या परीक्षेत नापास होणारा कप्तान रंगवूनही उत्तम पटकथा होऊ शकते, एवढं तरी यातून दिसतं. ती ‘स्टार ट्रेक’ची होते का, हा वाद मिटलेला नाही.

मूळ मालिका ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. १९८७मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका आली तेव्हा रॉडनबेरीने पुन्हा मार्गदर्शिका बनवली. या वेळी भर एका वेगळ्याच गोष्टीवर होता. २४व्या शतकातली माणसं आपसांतल्या क्षुद्र भांडणांपलीकडे गेलेली असावीत. लेखकांना हे जड गेलं, कारण घरातलं भांडणच काढून घेतलं तर नाट्य बाहेरून आणावं लागतं. तिसऱ्या हंगामात लेखकांचा प्रमुख मायकेल पिलरने बाहेरच्या कोणाच्याही पटकथा वाचायला दार उघडलं. त्यातून आलेल्या लेखकांत रॉनल्ड मूर होता.

तोवर मिठीची जागा दुसऱ्या रोगाने घेतली होती. पात्रं पडद्यावर तांत्रिक शब्दांचा भडिमार करत. मूरनेच पुढे सांगितलंय की लेखक कच्च्या खर्ड्यात अशा जागी नुसतं ‘टेक’ असं लिहून पुढे जात, नेमके शब्द विज्ञान सल्लागार भरत. बंदुकीची यंत्रणा समजावू नका, हे १९६७लाच लिहून ठेवलेलं होतं. २००३मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही दुसरी जुनी अंतराळमालिका नव्याने उभी करताना मूरने स्वतःचं टिपण लिहिलं, त्यात ही तांत्रिक बडबड हद्दपार केली. आणि आपल्या यानावरच्या माणसांना त्याने दारू पिण्याची, खोटं बोलण्याची, एकमेकांवर हात उगारण्याची मोकळीक दिली.