बोंडअळीचा शोधनिबंध कोणी वाचायचा?

२०१७च्या हंगामात यवतमाळ, वर्ध्याकडच्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत किडकी सरकी. बियाणं बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं, असूनही असं का झालं? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या कापूस पट्ट्यातल्या अळ्या तपासून दाखवलं, की बीटी कपाशीतली दोन्ही विषारी प्रथिनं आता अळीला बाधत नाहीत. हे संशोधन २०१८ साली ‘पेस्ट मॅनेजमेंट सायन्स’ या परदेशी नियतकालिकात आलं. तिथे लेखकाने वेगळं शुल्क भरलं तरच निबंध सर्वांना खुला होतो, एरवी तो वर्गणीदारांपुरता असतो. म्हणजे ज्यांच्या वावरात अळी, त्यांनी तो वाचावा की नाही हे कुणीतरी पैसे भरण्यावर अवलंबून.

ही रीत मोडायची म्हणून बुडापेस्टच्या बैठकीतून २००२ साली मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा निघाला. निबंध कुणालाही फुकट वाचता यावा आणि लेखकाचं श्रेय राखून वापरताही यावा, ही त्यातली मूळ मागणी. यातल्या दुसऱ्या भागाकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय देऊन वापरण्याच्या परवान्याखाली असेल, तर त्याचा मराठी अनुवाद करायला, त्यातला डोमकळीचा, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेल्या फुलाचा, फोटो गावातल्या पत्रकावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. नुसता ‘फुकट वाचा’ म्हणणारा निबंध इथवर येत नाही.

मग छपाईचा, संपादनाचा खर्च कोणी सोसायचा? बाजार समितीत अडत शेतकऱ्याने द्यायची की व्यापाऱ्याने, हे भांडण आपल्याला नवं नाही. इथेही तेच झालं. वाचकाची वर्गणी गेली आणि लेखकाच्या डोक्यावर शुल्क आलं. ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकाने २०२० साली खुल्या निबंधासाठी ९,५०० युरोंचा दर जाहीर केला, तेव्हाच्या हिशेबाने आठ लाख रुपयांच्या वर. गरीब देशांतल्या लेखकांना बरेच प्रकाशक सूट देतात, पण आपली एकूण अर्थव्यवस्था मोठी असल्याने भारताचं नाव त्या यादीत सहसा नसतं. पुसद किंवा ब्रह्मपुरीच्या महाविद्यालयातला प्राध्यापक एवढे पैसे आणणार कुठून? म्हणजे वाचायचं दार उघडलं आणि लिहायचं लोटलं गेलं.

यात दुसरी कीडही शिरली. बढतीसाठी निबंध हवेत, आणि पैसे भरले की जाणकारांच्या परीक्षणाशिवाय छापून देणारी दुकानं तयारच आहेत. नावाजलेलेही सुटले नाहीत. मुक्त प्रवेशाची नियतकालिकं काढणाऱ्या हिंदावीने २०२३ या एकाच वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले. जितके निबंध तितकी कमाई, असं गणित एकदा बसलं की ‘नाही’ म्हणणारा संपादक कोणाला परवडतो?

पण शुल्क हा काही मुक्त प्रवेशाचा आत्मा नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ब्राझीलमध्ये १९९०च्या दशकातच सरकारी पैशावर ‘सायेलो’ हे खुल्या नियतकालिकांचं संकेतस्थळ उभं राहिलं. आपल्या केंद्र सरकारने मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी संस्थांसाठीच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयांना त्याचा मोठा फायदा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी कृषी सहायक, आशाताई, झेडपीचे मास्तर कुंपणाबाहेरच राहिले. ही वर्गणीच आहे, फक्त भलीमोठी.

पद्धती बदलायला माझी हरकत नाही. ‘ईलाइफ’ या जीवशास्त्राच्या मुक्त नियतकालिकाने २०२३ पासून परीक्षणानंतर निबंध स्वीकारला-नाकारला असा निकाल देणंच बंद केलं; परीक्षकांची मतं निबंधासोबतच वाचायला मिळतात. त्यापायी त्याला इम्पॅक्ट फॅक्टरवर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती उल्लेख होतो त्या आकड्यावर, पाणी सोडावं लागलं. मला हा प्रयोग धाडसाचा वाटतो, कारण जाणकारांची कठोर तपासणी त्यात टिकली, किंबहुना ती चारचौघांत आली. शुल्क घेऊन तपासणीच गाळणाऱ्यांना नेमकं हेच नको असतं.

आणि बिनपैशाची वाट आपल्या दाराशी आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं २०१३चं धोरण सांगतं, की शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाची स्वीकृत प्रत खुल्या भांडारात ठेवावी. ‘कृषिकोश’ हे भांडार आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे प्रबंध त्यात सापडतात. प्रत चढवायला फार वेळ लागत नाही. पण बढतीच्या अर्जात इम्पॅक्ट फॅक्टर विचारतात. प्रत खुली ठेवली का, असा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.