पार्श्वभूमी: पॉलिमरमधली 'क्लिक' आणि समप्रमाणाचा वाद

अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) आणि अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंध) यांची जोडणी निदान १९६० च्या दशकापासून चांगली माहीत होती. पण ती तापवावी लागे आणि दोन समघटकांची सरमिसळ हाती येई. २००२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की क्युप्रस (एकसंयुजी) तांबे घातले तर साध्या तापमानालाही फक्त एकच समघटक, १,४-ट्रायाझोल, मिळतो. अशा सोप्या, खात्रीच्या जोडणीला 'क्लिक' म्हणतात.

पॉलिमरवाल्यांच्या हे पथ्यावर पडले, कारण एटीआरपी, म्हणजे साखळीची वाढ ताब्यात ठेवणारी रॅडिकल पॉलिमरीकरणाची पद्धत, तोवर रुळली होती. तिची साखळी ब्रोमीनवर संपते. असे पॉलिस्टायरीन डीएमएफ या द्रावकात विरघळवून जादा सोडियम अझाइडबरोबर रात्रभर ढवळले की ब्रोमीनच्या जागी अझाइड येतो. प्रोटॉन एनएमआर या वर्णपटात साखळीच्या टोकाचा ४.४ पीपीएमच्या आसपासचा संकेत ३.९ कडे सरकतो. इथे डायक्लोरोमिथेन हे द्रावक अजिबात नको, स्फोटक डायअझाइडोमिथेन बनते. पुढच्या काही वर्षांत ब्लॉक (दोन वेगळ्या साखळ्या जोडलेले), ताऱ्यांसारखे, वलयाकार असे सगळे पॉलिमर याच टोकांवर उभे राहिले.

खरा वाद २०११ च्या सुमारास पेटला: कशाला क्लिक म्हणायचे? छोटा रेणू साखळीला जोडताना तो पाचपट घालून उरलेला धुऊन टाकता येतो. दोन पॉलिमर जोडताना तशी सोय नाही. उरलेला पॉलिमर वेगळा काढणे अवघड. म्हणून समप्रमाणात, म्हणजे दोन्हींचे मोल सारखे घेऊनही जवळपास पूर्ण होते तीच क्लिक, असा आग्रह धरला गेला, आणि तो रास्तच होता. थायॉल-ईनची (गंधक-हायड्रोजन गट आणि दुहेरी बंध यांची) रॅडिकल जोडणी छोट्या रेणूंना उत्तम. दोन लांब साखळ्यांत मात्र रॅडिकल आपसांत जुळून काम बिघडते.

समप्रमाण साधणेही सोपे नाही. मोल मोजायला साखळीचे रेणुवजन लागते. जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी) देते ते वजन पॉलिस्टायरीनच्या मापावर बेतलेले असते; अंदाज १० टक्के चुकला की एका पॉलिमरच्या तेवढ्या साखळ्या बिनजोड राहतात आणि जीपीसीच्या आलेखात मुख्य उंचवट्याला खांदा दिसतो. म्हणून मोल एनएमआरवरून, टोकांच्या संकेतावर मोजावेत. एटीआरपीही मोनोमर ५०–६० टक्के वापरला गेल्यावर थांबवलेली बरी, पुढे ब्रोमीन गमावलेली मृत टोके वाढतात. आलेखात दुप्पट वजनाचा उंचवटा आला, तर ऑक्सिजनमुळे अल्काइन-अल्काइन जुळल्याचा संशय घ्यावा.

क्लिक रसायनशास्त्राला मिळालेल्या २०२२ च्या नोबेलनंतर तांब्याविना चालणाऱ्या जोडण्यांची चर्चा वाढली. पाषाणच्या प्रयोगशाळांत किंवा गणेशखिंडीच्या विद्यापीठात नवख्याला आधी तांबेच भेटते. पुण्याच्या पावसाळ्यात नीट बंद न केलेले क्युप्रस ब्रोमाइड हिरवट पडते. ते ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये ढवळून, इथेनॉलने धुऊन निर्वातात सुकवावे लागते.