गरोदरपणातली डबल मार्कर टेस्ट 'हाय रिस्क' आली म्हणजे बाळात दोष? अहो नाही!

घोडबंदरच्या सोसायट्यांत अजून हेच चालतं, डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) हाय रिस्क म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रांचा दोष) आहेच. ही स्क्रीनिंग आहे हो, म्हणजे फक्त शक्यता सांगते, निदान नाही. रिपोर्टवर १:२०० म्हणजे तशा २०० जणींमागे साधारण एकीच्या बाळाला असू शकतं, १९९ जणींच्या नाही, पण तो लाल आकडा बघूनच घरचे हबकतात नि सासूबाई देव पाण्यात घालून बसतात. एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी) जास्त अचूक, पण तीही स्क्रीनिंगच, पक्कं उत्तर हवं तर साधारण १५ आठवड्यांनंतर अ‍ॅम्निओसेंटेसिस (बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासणं), त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. लो रिस्क म्हणजेही गॅरंटी नाही बरं का. टेस्ट सक्तीची नाही, पण डबल मार्कर ११ ते १४ आठवड्यांतच होते, तेव्हा करायची की नाही हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.