एक्सएमएल एडिटर घेताय? आधी रोज टाईप करणाऱ्याला विचारा

चाकण, भोसरीकडचे ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मशीनची मॅन्युअल लिहायला कुठला एक्सएमएल एडिटर घेऊ? आणि आम्ही उलट विचारतो की त्यात रोज टाईप कोण करणार. बहुतेक वेळा ते सर्व्हिस डिपार्टमेंटमधले कुणीतरी सिनियर असतात, मशीन डोळे मिटून उघडतील पण लिहायचं म्हटलं की वर्ड, आणि खरेदी मात्र आयटीवाले ठरवतात ज्यांना टॅग बघायची सवय आहे. इथेच गाडी अडकते.

मुळात एक्सएमएल कशाला, ते आधी सांगतो. १९९८ पासूनचं हे स्टँडर्ड, साधी टेक्स्ट फाईल असते, फक्त प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याचं नाव, म्हणजे टॅग, दिलेलं असतं: ही पायरी, हा धोक्याचा इशारा, हा पार्ट नंबर. समजा तुमचा एकच इशारा बारा पंपांच्या मॅन्युअलमध्ये आहे, तर तो एकदाच लिहून बाराही ठिकाणी ओढून घेता येतो आणि बदल झाला की एकाच जागी करायचा. पण तुमची दोनच मॅन्युअल असतील आणि वर्षाकाठी एकदा हात लागत असेल तर खरं सांगतो, वर्डवर राहा, पैसे वाचवा.

एडिटरच्या आधी स्कीमा ठरवा, म्हणजे कुठले टॅग कुठे चालतील त्याचे नियम. मशीनच्या मॅन्युअलला सहसा डीटा (DITA), जे आयबीएममध्ये तयार झालं आणि २००५ मध्ये ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं. रिसर्च जर्नलवाल्यांना जॅट्स (JATS), विमान आणि डिफेन्सच्या कामाला एस१०००डी, तिथे तर निवड ग्राहकच करून देतो.

आता सॉफ्टवेअर. ऑक्सिजन नावाचं एडिटर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, टॅगसकट दिसणारा मोड आहे आणि वर्डसारखा दिसणाराही, महिन्याभराची फ्री ट्रायल मिळते. फ्रेममेकर आणि एक्समेटल विंडोजवरच. डेव्हलपरला व्हीएस कोड आणि त्यातलं एक्सएमएल एक्स्टेन्शन फुकटात भरपूर झालं, पण सर्व्हिसवाल्या सिनियरांपुढे ते ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वर्डमध्ये लिहून मेल येईल.

डेमोवर जाऊ नका, डेमोची फाईल नेहमी गोडच असते. तुमची सगळ्यात वेडीवाकडी फाईल घ्या, वर्डमधलं टॉर्क व्हॅल्यूचं टेबल, जोडलेल्या सेल्सकट, ते कॉपी करून एडिटरमध्ये पेस्ट करा. टेबल टेबलच राहिलं का, की सगळे आकडे एका पॅरात ओतले गेले? मग मुद्दाम चूक करा, पायरीच्या बाहेर इशारा टाका आणि एरर काय येतो ते टाईप करणाऱ्याला वाचायला द्या. त्याला कळलं नाही तर रोज आयटीला फोन जाणार हे धरून चाला.

मराठीत मॅन्युअल काढणाऱ्यांनी एक टेस्ट जास्त करायची, आम्हाला ही फार जिव्हाळ्याची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी टाईप होतो, एकीत वेगळा ऱ असतो, दुसरीत साधा र आणि मध्ये जोडणी दाखवणारं एक न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर सारखेच दिसतात पण सर्चमध्ये बऱ्याचदा एक सापडतो नि दुसरा राहतो, आणि एखाद्या क्लीनअप स्क्रिप्टने ते न दिसणारं अक्षर उडवलं की ‘दुसर्या’ असं छापून येतं. दऱ्यांचा दर्या होतो तो असाच. म्हणून दोन्ही प्रकारे टाईप करा, सेव्ह करा, पीडीएफ काढा आणि मग डोळ्यांनी वाचा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

टीम मोठी असेल तर अजून दोन गोष्टी. ट्रॅक चेंजेस आणि कमेंट ठेवायची प्रत्येक एडिटरची स्वतःची पद्धत असते, त्यामुळे एकाने केलेल्या सुधारणा दुसऱ्या एडिटरमध्ये दिसतीलच असं नाही. आणि इंडेंटचं सेटिंग सगळ्यांचं एकच ठेवा, नाहीतर एक शब्द बदललेला असतो आणि गिटमध्ये, म्हणजे फाईलमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अख्खी फाईल बदललेली दिसते, आमच्याच एका कामात यापायी पूर्ण दिवस गेला होता.

लायसन्स माणसागणिक घ्यायचं की फ्लोटिंग, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने वापरायचं, हे एका वेळी किती जण लिहितात त्यावर ठरवा. आठ जण असून एका वेळी तिघंच लिहीत असतील तर फ्लोटिंगचा भाव नक्की मागा. ट्रेनिंगचे दिवसही बजेटमध्ये धरा, ते कायम विसरले जातात.

आमच्याकडे येताना दोन जुनी मॅन्युअल आणा, आणि जमलं तर साहेबांबरोबर लिहिणाऱ्यालाही घेऊन या, कीबोर्ड आम्ही त्यांच्याच हातात देतो.