कुमिको : जाळी की पट्टी?

कुमिको म्हणजे जपानी लाकडी जाळीकाम, हे मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. जपानी कारागिराच्या तोंडी मात्र हा शब्द मुळात जाळीतल्या एकेका बारीक पट्टीसाठी असतो. साध्या ‘शोजी’ दारात कागद चिकटवायला लावलेल्या उभ्या-आडव्या काड्याही कुमिकोच. नक्षीच्या कामाला ‘कुमिको-झाइकु’ म्हणतात आणि ते करणारा ‘तातेगुया’, म्हणजे दारे-खिडक्या घडवणारा.

ही गल्लत किरकोळ नाही. तिच्यामुळे कलेचे वयच चुकते. नाराजवळच्या होर्यु-जी मंदिराच्या कठड्यावर, मोडून पसरलेल्या स्वस्तिकासारखी जाळी आहे. तिच्याकडे बोट दाखवून ‘१४०० वर्षांची परंपरा’ सांगितली जाते. जाळीची कल्पना तेवढी जुनी आहेच. पण तो कठडा आहे, दाराची नाजूक जाळी नव्हे. त्या काळी लाकूड पाचरी ठोकून फाडत आणि भाल्याच्या पात्यासारख्या हत्याराने तासत. फळ्या चिरणारी मोठी करवत पंधराव्या शतकाच्या सुमारास रुळली. ठोकळ्यात पाते बसवलेला रंधाही त्याच सुमारास, मुरोमाची काळात, हाती आला. एकसारख्या जाडीची पातळ पट्टी सहज निघू लागली ती तेव्हापासून. माझ्या मते ही कला त्या रंध्याखाली जन्मली.

एदो काळात (१६०३–१८६८) ती बहरली. ‘असानोहा’, म्हणजे भांगेचे पान, ही नक्षी घ्या. झाड भराभर वाढते म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवरही ती असे. लाकडात ती करताना पट्ट्यांना अर्ध्या जाडीच्या खाचा पाडून चौकोन गुंफतात, प्रत्येक चौकोनात तिरकी पट्टी बसवतात आणि उरलेल्या त्रिकोणांत छोटे तुकडे. त्यांची टोके तिरक्या कापलेल्या ठोकळ्यावर धरून २२.५, ४५, ६७.५ अंशांत तासतात. शेवटचा तुकडा अंगठ्याने दाबला की बाकीचे जागच्या जागी आवळले जातात. खिळा कुठेच नाही. थेंबभर सरस मात्र अनेक जण लावतात.

१९६० नंतर ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, पुढे घरातली तातामीची, म्हणजे जाड गवती चटया अंथरलेली, खोलीही आक्रसली. दारेच कमी झाल्यावर दारे घडवणाऱ्याने जायचे कुठे? क्युशू बेटावरचे ओकावा, तोचिगी प्रांतातले कानुमा या गावांची जाळी दारातून सुटून भिंतींवर, दिव्यांवर, हॉटेलांत गेली. २०१३ मध्ये क्युशूत सुरू झालेल्या आलिशान पर्यटन रेल्वेच्या डब्यांतही ओकावाचे काम बसले.

२०२० मध्ये लाकडी वास्तूंच्या जतनाची १७ जपानी कौशल्ये अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत आली. त्यांत दारे-खिडक्या घडवण्याचे काम आहे. नक्षीदार जाळीला वेगळे स्थान नाही. अनेकांना हे खटकेल, मला योग्य वाटते. एका फळीतून लेझरने कापलेली नक्षीही आज कुमिको म्हणून विकली जाते, आणि तिच्यात कुमिको, म्हणजे पट्टी, एकही नसते.