"काही झालं नाही हो मला": गाडीने उडवल्यानंतर शरीरात काय चालू असतं

माझ्या मामाला मागच्या पावसाळ्यात सकाळी दूध आणायला जाताना एका कारने वळणावर धडक दिली. स्पीड फार नव्हता, मामा बॉनेटवर आदळून बाजूला पडला आणि लगेच उठला पण. पँट झटकली, एक चप्पल लांब उडाली होती ती शोधून पायात घातली, आणि वर ड्रायव्हरलाच म्हणाला, जा बाबा जा, काही झालं नाही मला. घरी येऊन नडगीला हळद लावली, विषय संपला.

मामा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच काही दुखत नव्हतं. धडक बसली की मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनालीन सोडतात, छाती धडधडते, कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो, आणि मेंदू स्वतःचीच वेदनाशामकं तयार करतो, त्यामुळे दुखण्याचा निरोप वर जाता जाता मणक्यातच दाबला जातो. जीव वाचवून पळायला हे फार उपयोगी, पण "मला बरं वाटतंय" या वाक्याला त्या पहिल्या तासात काहीही किंमत नसते, आणि आपल्याकडे नेमकं त्याच वाक्यावर सगळं मिटवलं जातं.

चालणाऱ्या माणसाला एकाच धडकेत तीनदा मार बसतो. आधी बंपर गुडघ्याला किंवा नडगीला लागतो. आपल्या वजनाचा मध्य बेंबीच्या जरा खाली असतो आणि धक्का त्याच्याही खाली बसतो, म्हणून पाय पुढे ओढले जातात आणि वरचं अंग गाडीकडे फिरतं, खुबा बॉनेटच्या कडेवर आणि डोकं बॉनेटवर नाहीतर काचेवर. मग गाडी ब्रेक मारते आणि माणूस रस्त्यावर पडतो. दिसताना फक्त नडगी सोललेली दिसते, बाकीचा सगळा मुका मार. आणि वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, म्हणजे ३० ऐवजी ६० च्या स्पीडला दुप्पट नाही, चौपट.

मुक्या मारात घाबरायचं ते आतल्या रक्तस्रावाला. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी वरून फारसं काही कळत नाही, आणि तरुण माणसाचं बीपी तर जवळजवळ दीड लिटर जाईपर्यंत नॉर्मल दिसू शकतं कारण रक्तवाहिन्या आवळून शरीर ते धरून ठेवतं. त्याआधी बदलते ती नाडी. शांत पडून राहिल्यावरही नाडी १०० च्या वर पळतेय, हातपाय गार, घाम, सारखी तहान, तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. (बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, त्यामुळे वयस्कर माणसाच्या बाबतीत नाडी ठीक म्हणून निश्चिंत राहू नका.)

एक खूण तर मला फार विलक्षण वाटते. पोटात डावीकडे बरगड्यांखाली पाणथरी असते, म्हणजे प्लीहा, ती मारानं फाटली की कधीकधी पोटापेक्षा डावा खांदा जास्त दुखतो, खांद्याला काही लागलेलं नसताना. कारण सांडलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतं, श्वासपटलाची नस निघते मानेतून, खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचते, आणि मेंदूला कळत नाही की तक्रार नेमकी कुठून आली.

डोक्याचं तसंच. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, ती फाटली तर माणूस क्षणभर बेशुद्ध होऊन शुद्धीवर येतो, छान बोलतो, चहा मागतो, आणि काही तासांत परत कोसळतो. वय झालेल्यांमध्ये मेंदू थोडा आकसलेला असतो, त्याच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, तिथे रक्त दिवसेंदिवस झिरपत राहतं. मामाचं हेच झालं. सोळाव्या दिवशी तो चालताना एका बाजूला झुकायला लागला, नातवाचं नाव आठवेना, सिटी स्कॅन केला तर डोक्यात रक्त साठलेलं. तो रक्त पातळ करायची गोळी घेतो हे आम्हाला माहीत होतं, पण धडकेशी त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ऑपरेशन होऊन तो बरा झाला.

तर रस्त्यावर असताना काय. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर उठूच नका, कुणालातरी डोकं दोन्ही हातांनी सरळ धरायला सांगा आणि दुसऱ्याला येणाऱ्या गाड्या थांबवायला. १०८ किंवा ११२ लावा. लोक लगेच पाणी पाजायला धावतात, मायेनंच, पण पाजू नका, ऑपरेशनची वेळ आली तर पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. अंगावर मात्र काहीतरी पांघरा, अंग गार पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. गाडीच्या नंबरचा फोटो काढा. मदत करणाऱ्यांनीही घाबरू नका, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही.

पाचशेची नोट घेऊन जागेवर मिटवणं मला अजिबात पटत नाही, कारण तेव्हा नुकसान किती झालंय हे दोघांनाही माहीत नसतं. आणि हॉस्पिटलमध्ये "पडलो" म्हणून सांगू नका. पोलिसांची कटकट नको म्हणून लोक तसं सांगतात, मग डॉक्टर पडल्याच्या हिशोबाने तपासतो, पोटाची सोनोग्राफी राहून जाते. कारने धडक दिली, साधारण कुठल्या स्पीडला, डोकं कुठे आपटलं, हे सगळं सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची हॉस्पिटलची नोंद) नोंदवून घ्या. गाडी पळून गेली असली तरी सरकारी योजनेत गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात, पण कागद लागतो.

घरी सोडलं तरी पहिली रात्र एकटं झोपू नका. डोकेदुखी वाढत जाणं, परत परत उलटी, न ओसरणारी गुंगी, लघवी लाल, यातलं काहीही दिसलं तर परत जा. सुजलेली पोटरी तेल लावून चोळू तर अजिबात नका. नडगीभोवतीचे स्नायू घट्ट आवरणात असतात, आत सूज वाढली की रक्तपुरवठाच तुटतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतो. पोटरी दगडासारखी कडक झाली आणि कुणी पायाची बोटं नुसती वर वाकवली तरी जीव जाईल असं दुखलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.