थरथर गेली, उमेद कुठे गेली?

गिरगावातल्या आमच्या मामांकडे गणपतीचं मखर दरवर्षी घरीच व्हायचं. कंपवाताने (पार्किन्सन्सने) हात थरथरू लागला आणि कात्री बाजूला पडली. पुढे ‘डीबीएस’ची, म्हणजे मेंदूत तार बसवून विजेची स्पंदनं देण्याची (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) शस्त्रक्रिया झाली. काठोकाठ भरलेला चहाचा कप मामांनी थेंबही न सांडता उचलला, तेव्हा मामींनी देवापुढे साखर ठेवली. त्या वर्षी मखरासाठी कार्डपेपर आणला, तो टेबलावर तसाच पडून राहिला. “करू की,” एवढंच उत्तर. रडणं नाही, चिडचिड नाही. ताट वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर मागायचेही नाहीत.

घरात कुणी याला आळस म्हणालं, कुणी डिप्रेशन. दोन्ही नव्हतं. डिप्रेशनमध्ये माणूस आतून दुःखी असतो. इथे दुःखही नसतं, काही करावंसंच वाटत नाही. डॉक्टर याला ‘ॲपथी’ म्हणतात.

कंपवातात मेंदूतलं डोपामाइन आटतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण डोपामाइन फक्त हालचालीसाठी नसतं. त्याची दुसरी वाट उत्साहाकडे, एखाद्या गोष्टीच्या ओढीकडे जाते, आणि काही रुग्णांत तीही झिजलेली असते. कंपवाताच्या गोळ्या दोन्ही वाटांना रसद पुरवतात, म्हणून ही झीज झाकलेली राहते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे आलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 पासून विकसित केलेल्या डीबीएसच्या उपचारात मेंदूत खोलवर बारीक तार बसवतात. कॉलरबोनखालच्या यंत्रातून तिला सेकंदाला साधारण 130 विद्युत स्पंदनं मिळतात. तार ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’मध्ये, म्हणजे हालचालींशी निगडित मेंदूतल्या एका छोट्या केंद्रात, असेल तर हालचाल इतकी सुधारते की गोळ्या बऱ्याचदा निम्म्यावर येतात. मेख इथेच आहे. वीज हालचालीचं काम सांभाळते, उत्साहाची रसद मात्र तुटते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर गोळ्या झपाट्याने कमी केल्या होत्या. 63 पैकी 34 रुग्णांना वर्षभरात ॲपथी जाणवली. त्यातल्या निम्म्यांची ती वर्षाअखेरपर्यंत ओसरलीही. प्रत्येक वेळी कारण गोळ्याच असतात असं नाही. आजार पुढे सरकणं, किंवा वीज शेजारच्या भावनांशी निगडित भागात पसरणं, हेही असू शकतं.

म्हणूनच गोळी आपल्या मनाने वाढवू नये. काही डोपामाइनच्या गोळ्यांनी जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची ओढ लागते, तो त्रास वेगळाच.

तपासणीत चौकशी हाताची होते, चालण्याची होते. मनाचं रुग्ण स्वतः सांगत नाही, कारण सांगावंसंही त्याला वाटत नाही. पुढच्या खेपेला मामीच म्हणाल्या, “डॉक्टर, हात छान आहे हो. पण हे आता काहीच मागत नाहीत.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, जुना कागद काढला आणि बंद केलेली एक गोळी थोड्या मात्रेत पुन्हा सुरू केली.